दुसरा दांडा कुठे गेला?

गेल्या अंकात जीपच्या पाट्यांबद्दल (म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगांबद्दल) लिहिलं, त्यावर बरीच पत्रं आली. पाट्यांबद्दल त्यांत फारसं काही नाही. बहुतेकांना एकच काळजी आहे: फोर बाय फोर गाडी, म्हणजे चारही चाकं ओढणारी, आता श्रीमंतांची होत चालली, मग ज्यांचं तिच्यावाचून अडतं त्यांनी काय करायचं? म्हणून या वेळी सगळी जागा याच विषयाला दिली आहे. मी राजूरला (ता. अकोले) 34 वर्षं जीपगाड्यांची कामं करतोय. एरवी हाताखालून गेलेल्या गाड्यांवरूनच बोलतो, या वेळी थोडा इतिहासही सांगावा लागणार आहे.

मिस्त्री, माझ्याकडे 1994 सालची एमएम 540 आहे. शेत डोंगरउतारावर, भात, नागली आणि थोडी आंब्याची झाडं. मुलगा म्हणतो ही विका, नवी घेऊ. त्याच्याबरोबर शोरूमला गेलो, तर तिथल्या पोरानं सगळ्यात आधी छताची काच उघडून दाखवली, मग थंड वारा सोडणारी सीट. माल किती भरता येईल हे विचारलं तर त्याला सांगता येईना. आम्ही जिला जीप म्हणतो ती बनवणं कंपन्यांनी सोडलंय का? — एक निवृत्त शिक्षक, पेठ

गुरुजी, ही गाडी जन्माला कुणासाठी आली, तिथून सुरुवात करू.

1947 साली इंग्लंडमध्ये रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स यांच्या शेतावर युद्धानंतर उरलेली एक विलिस जीप राबत होती. ती थकली तर तिच्या जागी आणायचं काय, हा त्यांचा स्वतःचा प्रश्न होता. वेल्समधल्या अँगलसी बेटावर समुद्रकाठच्या वाळूत त्यांनी नव्या गाडीचा आकार काढला. 30 एप्रिल 1948 ला अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर लोकांनी पहिल्यांदा पाहिली. पोलादाची टंचाई होती म्हणून पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा. इंजिनाची ताकद बाहेर काढून मळणीयंत्र नाहीतर करवत चालवायची सोय. अर्धी मोटार आणि अर्धा ट्रॅक्टर. आपल्याकडे महिंद्रांनी मुंबईत विलिसच्या जीप जोडायला घेतल्या त्या याच काळात, आणि तुमची 540 त्याच घरातली लेक आहे.

त्या लँड रोव्हरची पुढची पिढी म्हणजे डिफेंडर. शेवटची जुनी डिफेंडर 29 जानेवारी 2016 ला सोलिहलच्या कारखान्यातून बाहेर पडली. तोवर कंपनी टाटा मोटर्सची होऊन जवळजवळ आठ वर्षं झाली होती. 2019 मध्ये नवी डिफेंडर आली, ती स्लोव्हाकियातल्या नित्रा इथे बनते. वेगळी चासी गेली, सांगाडा आणि अंग एकच झालं. 900 मिलिमीटर पाण्यातून ती जाते, म्हणजे ताकदीला जुनीपेक्षा तसूभरही कमी नाही. पण 2020 साली ती भारतात आली तेव्हा किंमत सुरूच झाली जवळपास 74 लाखांपासून. एवढ्या पैशांची गाडी करवंदीच्या जाळीतून काढायला मालकाचा हात धजावत नाही. गाडी जाऊ शकते, पण नेणार कोण? कामाची गाडी श्रीमंतीकडे वळते तेव्हा खरा बदल मला हा वाटतो. तिची ताकद शाबूत राहते, फक्त ती वापरायची माणसाला भीती वाटू लागते.

आपल्याकडची महिंद्रांची थार बघा. 2010 ची थार मागे पाट्यांवर होती. 2020 च्या थारला चारही बाजूंना कॉइल स्प्रिंग आल्या, पण ती सगळी फोर बाय फोरच होती, लो गिअरच्या दांड्यासकट. (गिअरच्या दांड्याशेजारचा हा दुसरा, छोटा दांडा; तो टाकला की गाडी अगदी हळू पण जास्त जोरानं ओढते.) जानेवारी 2023 मध्ये नुसती मागची चाकं ओढणारी थार आली. 2024 मध्ये पाच दारांची थार रॉक्स आली. तिचं बुकिंग 3 ऑक्टोबरला उघडलं आणि पहिल्या तासात 1,76,218 गाड्या नोंदल्या गेल्या. त्या रॉक्सच्या पेट्रोल गाडीला फोर बाय फोर मिळतच नाही, हवी असेल तर डिझेल घ्या. एका तासात पावणेदोन लाख माणसं रांगेत उभी राहत असतील तर कंपनी आधी कुणाचं ऐकणार, हे तुमच्या मुलालाही कळेल. टाटांच्या सफारीचंही असंच झालं. 1998 च्या सफारीत लो गिअरची फोर बाय फोर मिळायची, 2021 साली सफारी नव्यानं आली ती फक्त पुढची चाकं ओढणारी.

आरामाला माझा विरोध नाही, हे मात्र स्पष्ट सांगतो. ज्या जीपांवर माझा जन्म गेला त्यांत धडकेच्या वेळी माणसाला आधार म्हणून काही नव्हतं. एअरबॅग, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय) आले ते फार चांगलं झालं, आधीच यायला हवे होते. माझी तक्रार वेगळीच आहे, आणि ती कराची आहे.

22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. चार मीटरच्या आतली, डिझेल इंजिन 1500 सीसीपर्यंतचं, अशा गाडीला 18 टक्के. त्याच्या वर गेलात की 40 टक्के. आता हिशेब मांडा. मागची चाकं ओढणारी थार 1500 सीसीच्या डिझेलची, तिला 18. फोर बाय फोर थारमध्ये 2.2 लिटरचं डिझेल किंवा 2 लिटरचं पेट्रोल, तिला 40. मारुतीच्या जिम्नीचं पेट्रोल इंजिन 1462 सीसी, पेट्रोलची मर्यादा 1200, म्हणून तिलाही 40. फोर्स मोटर्सची गुरखा 2.6 लिटरची, तिला 40. म्हणजे लो गिअर असलेली जी गाडी डोंगरातल्या माणसाला लागते, तिच्यावर शहरातल्या आलिशान गाडीचाच दर. कर ठरवणाऱ्यांनी इंजिन मोजलं, लांबी मोजली, गाडी कशाला लागते ते मात्र विचारात घेतलं नाही. आमदार, खासदार गावात येतात तेव्हा तुमच्यासारख्यांनी हे त्यांच्या कानावर घालावं, ही माझी मनापासून विनंती आहे. ट्रॅक्टरला वेगळा विचार मिळतो, तसा लो गिअरच्या साध्या गाडीलाही मिळायला हवा.

आता दुरुस्तीबद्दल, कारण तुमच्या निर्णयात तीच मोठी आहे.

मी नवा होतो तेव्हा ऐन जुलैत कुमशेतच्या गिरणीची मोटर जळाली. खाली आणून वाइंडिंग करून घेतली आणि नागपंचमीच्या आत परत चढवायची होती, नाहीतर सणाला घराघरात पीठ नाही. जीपमध्ये मोटर, दोन माणसं आणि दोराचं वेटोळं. शेवटच्या चढावर पाणी रस्त्यावरूनच वाहत होतं. गाडी थांबवली, छोटा दांडा ओढून लो गिअर टाकला, पहिल्यात घातली आणि क्लचवरून पाय काढला. अ‍ॅक्सिलरेटरला हात लावायचीही गरज पडली नाही. माणूस चालतो त्याहून हळू, टायरचा एकेक खाच दगडाला धरतोय हे बसल्या जागी कळत होतं. वर पोचल्यावर पुढच्या जॉइंटचा आवाज यायला लागला. तिथेच पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा शाफ्ट उतरवून काढला, तो मोटरच्या जागी मागे टाकला आणि नुसत्या मागच्या चाकांवर खाली आलो. सगळा कारभार 14-17 चा पाना आणि हातोडीवर.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात जवळजवळ त्याच वळणावर मला बोलावलं. गाडी मोठ्या नावाची, वर्षाच्या आतली. लो गिअरचं बटण दाबलं की पडद्यावर सूचना यायची आणि गिअर पडायचा नाही. मी खाली झोपून बघितलं. पुढच्या उजव्या चाकाच्या सेन्सरची वायर उंदरानं कुरतडलेली होती, बोटभर तांबं उघडं. सोलून जोडली, टेप मारली. तरी गाडी मानेना, चूक आत नोंदली गेली होती आणि ती पुसायला कंपनीचा लॅपटॉप हवा. नाशिकहून उचलायची गाडी आली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. बिघाड मला दिसत होता, हातात दुरुस्तही झाला होता, आणि तरी माणसं रात्रभर डोंगरात अडकली. त्या रात्रीपासून नवी गाडी घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला मी एकच सांगतो: तुझ्या गावापासून तो लॅपटॉप किती किलोमीटरवर आहे, ते आधी शोध.

गुरुजी, 540 विकू नका. आधी तिची चासी तपासून घ्या. हातोडीनं हलकेच ठोकत जा, विशेषतः पाटे चासीला जोडणाऱ्या शॅकलपाशी आणि मागच्या आडव्या पट्टीला. खणखणीत आवाज आला तर चांगलं. बद्द आवाज आला तिथे आतून गंज आहे, ती जागा कापून नवी पट्टी वेल्ड करावी लागेल. चासी चांगली असेल तर इंजिनाचं काम कितीही निघो, ते करण्याजोगं आहे, सामान अजून मिळतं. नोंदणीची मुदत मात्र आरटीओत बघून घ्या. 15 वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. मुलाला रोजच्या नाशिक फेऱ्यांसाठी दुसरी छोटी गाडी घ्या. दोघांचंही काम होईल.

नमस्कार. मी पुण्यात नोकरी करते. शनिवार-रविवार वेल्हे, भोर, कधी कोकणात उतरते. उंच, दणकट गाडी हवी आहे. टू-व्हील, म्हणजे दोनच चाकं ओढणारी, घेऊ की फोर बाय फोर? ओळखीचे सगळे म्हणतात, फोर बाय फोर उगाच पैसे घालवणं. — एक वाचक, कोथरूड

ताई, तुमच्या बहुतेक रस्त्यांना टू-व्हील पुरेल. डांबर संपल्यावर किती किलोमीटर जाता, ते तीन महिने वहीत लिहा. महिन्याला पाच-सात किलोमीटरच भरत असतील तर फोर बाय फोर घेऊ नका. चांगले टायर घ्या आणि एक टो-दोरी ठेवा.

घ्यायचीच ठरलं तर दिसण्यावर जाऊ नका. उंच, चौकोनी, मागे स्टेपनी लावलेली प्रत्येक गाडी फोर बाय फोर नसते. शोरूममध्ये लाज न बाळगता खाली वाका आणि पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट आहे का बघा. मग आत बसून लो गिअर कुठे आहे ते विचारा. तीन दारांच्या थारमध्ये आणि जिम्नीत तो दांडा अजून हातानं टाकायचा आहे, रॉक्समध्ये बटण आहे. मला दांडा आवडतो, कारण गिअर पडला की नाही ते हाताला कळतं. एक मात्र लक्षात ठेवा. साधी पार्ट-टाइम फोर बाय फोर, म्हणजे लागेल तेव्हाच टाकायची, कोरड्या डांबरावर टाकून वळणं घेऊ नका, गाडी अडखळल्यासारखी होते आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीवर येतो.

मी भामरागड भागात फिरत्या दवाखान्याचं काम करतो. आमची जुनी जीप आता थकली. पावसाळ्यात नाले भरतात, पर्लकोटेच्या पुरात तर दिवसेंदिवस रस्ता बंद असतो. माहितीपत्रकांत सगळे पाण्यातून जाणाऱ्या गाड्यांचे फोटो छापतात. औषधांच्या पेट्या आणि चार माणसं नेता येतील अशी कोणती घ्यावी? — एक डॉक्टर

डॉक्टर, आधी पाण्याचं, कारण ते फोटो बघून माणसं जीव गमावतात.

थारसाठी 650 मिलिमीटर लिहिलंय, गुरखासाठी 700. हे आकडे साचलेल्या पाण्याचे, खाली जमीन घट्ट असताना आणि गाडी हळू चालवताना. वाहत्या पाण्याला ते लागू नाहीत. पाणी दारापर्यंत आलं की गाडी तरंगू लागते, चाकांवरचं वजन कमी होतं, आणि चारही चाकं ओढत असली तरी त्यांना धरायला काही उरत नाही. भरलेला नाला दिसला की काठीनं खोली मोजा, धार बघा. काठी तिरपी होऊन ओढली जात असेल तर गाडी थांबवा आणि पाणी उतरू द्या. पर्लकोटेसारख्या नदीच्या पुरात तर कुठलीच गाडी घालू नका.

गाडीचं म्हणाल तर तुमच्या कामाला मी गुरखा सुचवीन, पाच दारांची. पुण्याच्या फोर्स मोटर्सची. डिझेल 2.6 लिटर, मूळ मर्सिडीजच्या घराण्यातलं. जमिनीपासून उंची 233 मिलिमीटर, हवा ओढायचा उंच स्नॉर्कल कारखान्यातूनच बसवलेला. आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठी गोष्ट: पुढच्या आणि मागच्या दोन्ही डिफरन्शियलला (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणाऱ्या भागाला) हातानं टाकायचे लॉक. एक चाक हवेत लटकलं तर साध्या गाडीत तेच गरगर फिरत राहतं आणि जमिनीवरचं चाक नुसतं उभं. लॉक टाकला की दोन्ही चाकं सारखी फिरतात, गाडी बाहेर येते. मार्च 2025 मध्ये भारतीय सैन्यदलांनी 2,978 गुरखांची मागणी नोंदवली. यातून मला धीर येतो. सैन्य जी गाडी घेतं तिचं सामान वर्षानुवर्षं बनत राहतं, आणि कामाच्या गाड्यांचं पुढचं आयुष्य अशाच मागणीवर टिकणार आहे.

दुसरा मार्ग पिकअपचा. बोलेरो कॅम्परला पुढे माणसं बसतात, मागे हौद्यात पेट्या. तिच्यात फोर बाय फोर मिळत असेल तर डीलरकडे हट्ट धरून मागा, कारण तो आपणहून दाखवणार नाही. नोंदणी मालवाहू म्हणून होते, त्यामुळे कर कमी पडतो. औषधांच्या पेट्यांवर मात्र ताडपत्री न टाकता बंद पत्र्याचा डबा बनवून घ्या. आत फरशीला रबराची चटई आणि पाणी निघायला दोन भोकं ठेवा, म्हणजे चिखल पाइपानं धुता येईल.

मोहर्ली गेटवर जिप्सी चालवतो. जिप्सी बंद झाली, जुन्या मिळेनाशा झाल्या. आमच्याकडची शेवटची पिढी समजायची का? — ताडोबा

भाऊ, बऱ्याच अंशी हो. 1985 पासून 2018-19 पर्यंत ती सामान्य गिऱ्हाइकाला मिळत होती. हजार किलोच्या आतलं वजन, म्हणून चिखलात रुतत नव्हती, रुतली तर चार माणसं उचलून काढायची. तशी हलकी गाडी आता कुणी बनवत नाही.

जुन्या का मिळत नाहीत त्याचं कारण वेगळं आहे. खेड्यातल्या कितीतरी जीपा आणि जिप्सी सरकारी लिलावातून आल्या. पाटबंधारे, वन, आरोग्य अशा खात्यांनी टाकलेली गाडी आम्ही उभी करायचो आणि ती पुढे वीस वर्षं चालायची. 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणीच रद्द होते, त्या थेट भंगारात जातात. धुराच्या दृष्टीनं ते बरोबर असेल. पण गरीब माणसाच्या हाती फोर बाय फोर यायची ती वाट बंद झाली, आणि तिच्याऐवजी दुसरी काढलेली नाही.

तुमच्या जिप्सीचे पुढचे हब उघडून ग्रीस बघा. पांढरट, दुधाळ झालं असेल तर आत पाणी गेलंय. सील आजच बदला, बेअरिंग वाचेल.

मी पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थला असतो, मूळचा इस्लामपूरचा. इथे खाणींच्या भागात अजून लँड क्रूझर 70 सगळीकडे दिसते. ती तशीच टिकली, मग आपल्याकडची का नाही टिकली? — एक वाचक

कारण तिथे तिचं गिऱ्हाईक टिकलं. 70 मालिका 1984 ची, वेगळी चासी आणि मागचे पाटे अजून आहेत. खाणवाले आणि हजारो एकरांचे शेतकरी ती डझनांनी घेतात. त्यांना छताची काच नको असते, सामान आणि दुरुस्ती हवी असते. तिचं व्ही-8 डिझेल मात्र आता गेलं, 2.8 लिटरचं चार सिलिंडरचं आलं, ऑटोमॅटिकही आलं. मला त्यात वाईट काही दिसत नाही.

युरोपात जुनी डिफेंडर बंद झाल्यावर जिम रॅटक्लिफ या उद्योगपतीनं त्याच वळणाची ग्रेनेडिअर काढली. ती फ्रान्समध्ये हँबाखला बनते, इंजिन बीएमडब्ल्यूचं. मनापासून केलेलं काम आहे, पण किंमत पुन्हा श्रीमंताचीच. थोड्या गाड्या बनवून स्वस्त देता येत नाहीत. आपल्याकडच्या डोंगरातला गिऱ्हाईक एकेकटा आहे, म्हणून त्याचा आवाज कारखान्यापर्यंत पोचत नाही. दहा गावांनी, दूध संघांनी, आदिवासी सोसायट्यांनी मिळून पन्नास साध्या गाड्यांची मागणी केली तर ऐकावं लागेल.

काका, मी आयटीआयला मोटर मेकॅनिक करते. वर्गातली मुलं म्हणतात, पुढे सगळं इलेक्ट्रिक, ट्रान्सफर केस शिकून उपयोग नाही. शिकू की नको? — एक विद्यार्थिनी, अकोले

शिक, बाळा. इलेक्ट्रिक येणार हे खरं आहे. टाटांची हॅरिअर ईव्ही 2025 मध्ये पुढे एक आणि मागे एक मोटर घेऊन आली, दोघींमध्ये शाफ्टच नाही. इलेक्ट्रिक मोटर थांबलेल्या अवस्थेतूनच पूर्ण जोर देते, त्यामुळे लो गिअरची गरजही कमी होत जाईल. आयटीआयमध्ये हाय व्होल्टेजचं प्रशिक्षण असेल तर ते नक्की घे, आणि स्कॅनर, म्हणजे गाडीत नोंदलेली चूक वाचणारं यंत्र, चालवायला शीक. मला तो नीट येत नाही, आणि त्या उंदरानं कुरतडलेल्या वायरीनं मला ते दाखवून दिलं.

पण आज आपल्या डोंगरात ज्या गाड्या आहेत त्या अजून वीस वर्षं चालणार आहेत, आणि त्यांच्यासाठी माणूस लागणार आहे. माझ्याकडे या आठवड्यात महिंद्रा मेजर जीपची एक ट्रान्सफर केस उघडायची आहे. आतले दोन दात तुटलेत असा मला आवाजावरून अंदाज आहे, उघडल्यावर कळेल. सोमवारी गॅरेज बंद असतं. मंगळवारी सकाळी आठला ये, घरच्यांना सांगून ये, जुने कपडे घाल आणि केस घट्ट बांध. झाकण तूच उघड.